राबावर उतरलेला पाहुणा

कामशेतहून आमच्या गावाला यायला धड रस्ता नव्हता, म्हणून सरकारनं पाहुण्याला आकाशातून आणायचं ठरवलं. ओढ्यावर साधी फरशी टाकायला सरकारकडे पैसा नव्हता, पण हेलिकॉप्टर फिरवायला होता. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. गाव तर हरखून गेलं होतं.

साठ साल उलटून काही वर्षं झाली होती. लग्न होऊन मी त्या गावात आले होते. नवरा लोणावळ्याला रेल्वेत, रविवारपुरता घरी. घर आणि शेती सासूबाईंच्या अंगावर. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. बाई कमी बोलायची, पण तिच्या गप्प बसण्याला गाव टरकून असायचं.

त्या काळी जगात दोन बडे देश होते आणि दोघांनाही आमच्या गावाची फार काळजी. एकानं शाळेला दुधाची पावडर पाठवली, दुसऱ्यानं सोसायटीला ट्रॅक्टर. पावडरीनं पोरांची पोटं बिघडायची, आणि ट्रॅक्टर आमच्या टीचभर भातखाचरात वळायचाच नाही. त्याच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालायच्या. दिल्ली अलिप्त होती म्हणतात. आमच्याइतकी नसेल. आम्ही एकाचं पीत नव्हतो आणि दुसऱ्याचं चालवत नव्हतो, तरी दोघांशी गोडीनं होतो.

आता पावडरवाल्या देशाच्या वकिलातीतला मोठा साहेब आपली मदत कुठं मुरली ते बघायला येणार होता. त्याच्या आधी तालुक्याचे साहेब आले. पहिलं काम त्यांनी कुठलं केलं असेल, तर ट्रॅक्टरवर पेंढा रचून तो झाकला. "दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही," ते हळूच म्हणाले, जणू भाऊबंदकीतल्या दोन घरांना एका पंगतीत वाढायचं होतं.

दुसरं काम हेलिकॉप्टरला जागा शोधायचं. मावळात सपाट जागा म्हणजे खाचरं, आणि खाचरांना बांध. साहेब हिंडून हिंडून घामाघूम झाले आणि एकाएकी थांबले. समोर माळावर एक मोठा, काळाभोर, गुळगुळीत तुकडा होता. झाड नाही, दगड नाही, चारी बाजूंनी काट्यांचं कुंपण. साहेबांना वाटलं, ही जागा जणू आपल्यासाठीच तयार करून ठेवली आहे.

तो आत्याबाईंचा राब होता. भाताचं रोप ज्या तुकड्यात वाढवायचं, तो पावसाआधी भाजून घ्यायची आमच्याकडे रीत आहे. शेण, झाडाचा टहाळ, पाला, गवत असे थर द्यायचे, वरून माती पसरायची आणि पेटवायचं. तण मरतं, आणि जी राख उरते तिच्यावर रोप तरारून येतं. त्या राखेसाठी आत्याबाईंनी अख्खा हिवाळा डोंगरातून टहाळाचे भारे वाहिले होते. वर्षाचं भात त्या राखेत होतं.

सरपंच नात्यानं आत्याबाईंचे चुलत दीर. त्यांनी साहेबांना परस्पर शब्द देऊन टाकला आणि मग विचारायला आले.

"वयनी, पाच मिन्टांचं काम हाये. टेकंल आन उडंल."

"राख उडंल," आत्याबाई म्हणाल्या.

"त्याची काळजी नको आजी," साहेब म्हणाले. "टँकर मागवलाय. पाणी मारून जमीन घट्ट करू. सरकार आहे ना."

आत्याबाईंनी राबाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पाव्हना दारात आल्याव न्हाई कसं म्हनायचं?" आणि स्वतःच्या हातानं कुंपणाचे काटे काढायला लागल्या. मला त्यांचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

ठरल्या दिवशी टँकर निघाला. हेलिकॉप्टरनं कुठं उतरायचं त्या खुणेसाठी चुन्याच्या फक्कीची पोतीही त्याच्यावरच होती. ओढ्याच्या वाळूत टँकर रुतून कलंडला, पाणी आणि फक्की तिथंच सांडली, आणि सरकार ओढ्यापलीकडे राहिलं. विहिरीनं वैशाखात तळ गाठलेला, तेव्हा पाणी मारायचा विषयच संपला. पण खूण तर काढायलाच हवी. साहेबांचा चेहरा उतरला. सरपंचांना मात्र युक्ती सुचली: शाळेत पावडरीची पोती पडून होती, तीही पांढरीच.

बायकांना बोलावलं. चिमटीनं पावडर सोडत त्यांनी गोल काढला आणि मधे इंग्रजी एच. पण दारात पाहुणा येणार आणि एच उघडाबोडका ठेवायचा, हे त्यांच्या हाताला पटेना. मग चारी कोपऱ्यांत गोपद्मं आली, कडेनं वेलबुट्टी आली. बायकांत इंग्रजी अक्षरं मलाच येत होती, म्हणून मी एच तपासला. एच बरोबर होता.

हेलिकॉप्टर आलं. वरून त्यांना ती रांगोळी फार सुंदर दिसली असणार. माणसाच्या उंचीवर आलं मात्र, आणि राब उठला. आधी पांढरं, मग काळं, मग काहीच दिसेना. स्वागताला उभे केलेले लेझीमवाले पळाले. धुरळा बसल्यावर पाहुणा उतरला, तो पापण्यांसकट राखाडी. आपल्याच देशाची पावडर त्याच्या मिशीला लागली होती.

त्यानं शिंकत दुभाष्याला काहीतरी विचारलं. साहेब जराही अडखळले नाहीत. "ही आमच्याकडची स्वागताची रीत आहे. देवावर भंडारा उधळतात, तशी पाहुण्यावर शेतातली राख आणि दूध उधळतात." पाहुणा गहिवरला. त्यानं हात जोडले, जमिनीची मालकीण कोण ते विचारलं, आणि पुढं ढकललेल्या आत्याबाईंच्या हातात पावडरीचा डबा ठेवला. आत्याबाई त्याच्या खांद्यावरून मागं बघत होत्या. मागं तांबडी, उघडी जमीन होती.

उरलीसुरली राख हेलिकॉप्टर उडताना गेली.

पुन्हा राब भाजायला टहाळ नव्हता आणि पाऊस तोंडावर होता. आत्याबाईंनी त्या उघड्या जमिनीतच बी टाकलं. रोप बोटभर आलं, पिवळं. लावणीच्या दिवसांत त्या आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या बांधावर उरलेलं रोप मागायला गेल्या. लोकांनी दिलं, पण आपापली लावणी उरकून उरतं ते किती असणार? एक खाचर कसंबसं लागलं. बाकीची मोकळी राहिली.

भाद्रपदात तालुक्याचे साहेब पुन्हा आले, सोबत फोटोग्राफर. आत्याबाईंना मोकळ्या खाचरात उभं केलं. साहेब म्हणाले, "आजी, जरा दीन दिसा." त्यांना ते जमेना. त्या तशाच ताठ उभ्या राहिल्या, तरी फोटो पाहुण्याच्या देशात गेला, तिथं कुणाचं तरी मन द्रवलं, आणि पुढच्या खेपेला पावडरीची पोती दुप्पट आली. साहेबांना बढती मिळाली. सरपंचांनी गावजेवण घातलं.

"मला कुनाची मदत नको व्हती," आत्याबाई मला एवढंच म्हणाल्या. "मला माजी राख पायजे व्हती."

दरसाल दिवाळीनंतर आमची बैलगाडी भात घेऊन कामशेतला जायची आणि तिथले व्यापारी आत्याबाईंना बसायला पोतं अंथरायचे. त्या वर्षी तांदूळ विकत आणायला मी एकटी निघाले. आत्याबाई ओढ्यापर्यंत सोबत आल्या. माझ्या हातात पिशवी देत म्हणाल्या, "येताना मेथीच्या दोन जुड्या घे आन तांदळावर ठेव. वाटंत कुनी इचारलं तर भाजी आनायला गेलते म्हन."