डोनाऊचं कमी केलेलं पाणी

डोनाऊ म्हणजे डॅन्यूब नदीवरून हंगेरीपर्यंत मोठी मालवाहू जहाजं वर्षभर नेता यावीत, म्हणून तिचा एक उथळ पट्टा सुधारायचा होता. म्युनिकजवळच्या एका संस्थेच्या शेडमध्ये त्या पट्ट्याची छोटी प्रतिकृती बांधली होती आणि तिच्यावर मी डॉक्टरेट करत होते. काठाचे दगडी बांध थोडे लांबवले तरी उन्हाळ्यात पाणी उतरल्यावरही जहाजं जातात, हे माझ्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसत होतं. माझ्या प्रमुखांना मात्र पाण्याची पातळी वाढवायला नदीवर मोठा बंधारा हवा होता, कारण त्याचं पुढचं काम आमच्याच संस्थेला मिळणार होतं.

हंगेरीचे जहाजवाले आणि इथले अधिकारी प्रतिकृती बघायला येणार होते. त्या सकाळी प्रमुख म्हणाले, "आज पाणी जरा कमी सोडा. अडचण दिसायला हवी."

"इतकं कमी पाणी नदीला कधीच नसतं."

"आल्झो, हे बघा, हे नुसतं प्रात्यक्षिक आहे."

मी पाण्याच्या व्हॉल्व्हला हात लावला नाही. पाहुणे आत येत असताना प्रमुखांनी स्वतःच तो फिरवला. प्रतिकृतीतलं छोटं लाकडी जहाज वळणावर वाळूत रुतलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

माझे कान तापले. ती वाळू मी चाळून अंथरली होती. मी जर्मनमध्ये म्हणाले, "नदीत याहून जास्त पाणी असतं. व्हॉल्व्ह आत्ताच थोडा बंद केलाय."

प्रमुख हसले. "यांचं जर्मन अजून कच्चं आहे. यांना वेगळंच म्हणायचंय."

त्याच जर्मनमध्ये मी त्यांच्या विद्यार्थ्यांना शिकवत होते. मी सरळ जाऊन व्हॉल्व्ह पहिल्यासारखा उघडला. पाणी चढायला वेळ लागतो. "थांबा जरा," मी म्हणाले, पण प्रमुखांनी सगळ्यांना कॉफीकडे वळवलं. एक म्हातारे हंगेरियन कप्तान तेवढे थांबले. जहाज सुटलं, वळण पार करून गेलं.

"गेलं की," ते म्हणाले आणि तेही कॉफीला गेले.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला होत्या. "आई, त्यांनी मला सगळ्यांसमोर अडाणी ठरवलं," मी म्हणाले.

"मग तू काय केलंस?"

"पाणी सोडलं."

"बरं केलंस. जेवून घे आता."

माझा करार पुढे वाढवला नाही. कारण सांगितलं, संवादकौशल्य कमी पडतं. डॉक्टरेट अर्धवट राहिली आणि मी नेकारसुल्म गावात मोटारींच्या कारखान्यात कामाला लागले. नदीचं काम का सोडलंस, असं लोक अजून विचारतात. ते माझ्याकडून काढून घेतलं, असं मी सांगते आणि दर वेळी माझा आवाज चढतो.