सुचवेल त्यानं उघडायचं

"मग लिहायचं होतंस ना लेकीचं शहर! तपासायला कोण येणार होतं?" ओल्या चादरीचं टोक हातात धरून नवऱ्यानं विचारलं.

"आधी पीळ," ती म्हणाली.

"पोरीचं बाळंतपण तोंडावर आलंय," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "आणि हिला सगळ्या जगात नेमकं दुसऱ्या टोकाचंच गाव सापडलं."

तिची कंपनी इतर कंपन्यांचे पगार काढून द्यायची. परदेशात नवं ऑफिस कुठे थाटायचं हे बघायला तिला पाठवत. ऑफिसं सुटायच्या वेळी ती समोरच्या फुटपाथवर उभी राहायची आणि कोणकोणत्या कंपन्यांची माणसं बाहेर पडतात ते बघायची. लेक दिली होती त्या शहरात इमारती चकचकीत होत्या, भाडं कमी होतं, भाषेचीही अडचण नव्हती. पण दारातून बाहेर यायचे ते बहुतेक पहारेकरीच. दूरच्या शहरात मात्र कंपनीची जुनी गिऱ्हाइकं आधीच जाऊन बसली होती. तिनं अहवालात तेच लिहिलं. जागा सुचवेल त्यानंच ऑफिस उघडायचं आणि दोन वर्षं सांभाळायचं, हा कंपनीचा नियम तिला पाठ होता. घरच्यांनाही होता. म्हणून तर सगळे लेकीचं शहर गृहीत धरून बसले होते.

"वर्षभर ढकलायचं, नाही चाललं तर बंद," नवरा म्हणाला. "तुमच्या साहेबांनी नाही का मेव्हण्याच्या गावात उघडलं?"

"आणि कुलूप लावायला कोणाला पाठवलं? मलाच." ती चादर झटकायची थांबली. "रिसेप्शनवरची बाई नोकरीसाठी घर बदलून आली होती. किल्ली हातातून सोडेना. 'मॅडम, आमचं काय चुकलं?' म्हणाली."

"आणि आपल्या पोरीचं काय चुकलं?"

सकाळीच लेक फोनवर म्हणाली होती, "आई, तुझ्यासाठी खोली रिकामी केली होती गं." पुढे रडलीही नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

अहवाल बदलायचा तर आज संध्याकाळपर्यंत, असं साहेबांनी सांगितलं होतं. ती हात पुसत आत गेली.

ती परत आली तेव्हा चादर तशीच बादलीच्या काठावर होती.

"अहवाल आहे तसाच पाठवला. पुढच्या महिन्यात मी जातेय. बाळंतपणाला तुम्ही दोघं जा, तिकिटं काढते."