अक्का मोटारीत बसल्या होत्या

अप्पांची नवी मोटार सोलापूरहून आळंदला आली, त्या प्रवासात मी होतो. खरं म्हणजे मी अप्पांना दवाखान्यातून घरी आणायला गेलो होतो. मोटार त्याच आठवड्यात मुंबईहून सोलापूरच्या व्यापाऱ्याकडे येऊन पडली होती, म्हणून दोन्ही कामं एकदम झाली.

अप्पा निजामाच्या मुलखातल्या आळंदचे तुरीचे आडते. माझं त्यांच्याशी रक्ताचं नातं नव्हतं. माझे वडील निंबर्ग्याला मेंढरं राखायचे. मला शाळेसाठी आळंदला आणलं तेव्हा अप्पांनी आडतीच्या मागच्या खोलीत झोपायला जागा दिली आणि त्यांच्या पत्नीनं, अक्कांनी, आपल्या चुलीवरची भाकरी दिली. ते लिंगायत, आम्ही धनगर. पण त्या घरात माझं ताट कधी वेगळं ठेवलं गेलं नाही. आळंद झालं, गुलबर्गा झालं, हैदराबादला जाऊन बी. ए. झालो आणि परत आळंदच्याच शाळेत मास्तर म्हणून लागलो. आमच्या घराण्यात सही करणारासुद्धा माझ्या आधी कोणी नव्हता. हे सगळं त्या दोघांमुळे, हे मी आजही रोज मनात म्हणतो.

मोटार घ्यायचं खूळ अप्पांच्या डोक्यात सोलापुरात शिरलं. तिथल्या एका गिरणीचे साहेब आणि त्यांची बाई उघड्या मोटारीतून भर पेठेतून जाताना त्यांनी पाहिलं. घरी येऊन ते अक्कांना म्हणाले, "लोक तिच्याकडं बघायलते, आन् ती बी लोकांकडं बघायलती. तुला तसं बसवून नेतो."

"मला न्हाई बसायचं," अक्का म्हणाल्या. "लोक हसतील."

"हसू दे की. आजवर मला हसलेत, आता तुला हसतील."

आमच्याकडच्या बड्या घरांतल्या बायका तेव्हा पेठेतून जात नसत. माहेरी जायचं, लग्नाला जायचं, तर मागच्या बोळात बैलगाडी लागे आणि तिला दोन्ही बाजूंनी पडदे. अक्का लग्न होऊन आळंदला आल्या त्याला तीसएक वर्षं झाली होती, पण आपल्या आडतीचं दुकान रस्त्यावरून समोरून कसं दिसतं, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. अप्पांना ही गोष्ट तोवर कधी खटकली नव्हती. आता मात्र फार खटकायला लागली. मोटार मागवताना त्यांनी एकच अट घातली: टप पूर्ण मागे पडला पाहिजे.

मोटार यायला महिने लागले आणि तेवढ्यात त्यांची छाती बिघडली. आडवं झालं की श्वास कोंडायचा. सोलापूरच्या दवाखान्यात रात्ररात्र ते बसून काढत. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन सांगितलं की आता घरी न्या, तिथं त्यांना बरं वाटेल. त्याचा अर्थ मला कळला. अप्पांनाही कळला असावा, कारण मी आत गेलो तर ते म्हणाले, "मास्तर, गाडी आलीय म्हनं. तिच्यातच जाऊ. अक्काला एकदा पेठेतून फिरवलं की मी मोकळा."

व्यापाऱ्यानं मोटार सजवून ठेवली होती. गर्द हिरवी, चकचकीत. नव्या वाहनाला आमच्या भागात बांधतात तसे केळीचे दोन कोवळे खांब पुढच्या बाजूला बांधले होते, वर झेंडूच्या माळा. अप्पांनी स्वतःच्या हातानं कपाळभर विभूती लावून घेतली. मागच्या सीटवर आम्ही त्यांना उशा लावून ताठ बसवलं आणि खड्ड्यांनी घसरू नयेत म्हणून एक शेला छातीवरून घेऊन सीटमागे बांधला. व्यापाऱ्यानं गाडीसोबत एक ड्रायव्हर दिला होता, वयस्कर मुसलमान गृहस्थ. त्यांनी उन्हासाठी टप चढवला तसे अप्पा ओरडले, "काढा ते! पेटीत घातल्यागत व्हायलंय."

टप उतरला. मोकळा वारा लागल्यावर त्यांचा श्वास जरा सुधारला. ड्रायव्हर मात्र गाडी बैलगाडीच्या चालीनंच चालवत होते. मी घाई केली तर म्हणाले, "नया इंजन है मास्तर. पैले दिन दौडाना नक्को, मर जाता." अक्कलकोट मागे पडलं. सरहद्दीवर निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यावर मोटारीची जकात भरून कागदावर शिक्के होईपर्यंत दुपार कलली. त्या उन्हात बसून अप्पा थकले आणि नाका सुटल्यावर त्यांना झोप लागली. कित्येक दिवसांनी लागलेली झोप ती. मान ताठ, हात मांडीवर, डोळे मिटलेले.

आळंद दोन-तीन कोस राहिलं असताना गाडीतलं पाणी उकळायला लागलं. एका गावाच्या विहिरीशी आम्ही थांबलो. ड्रायव्हर बादली घेऊन विहिरीकडे गेले. मी पाय मोकळे करत होतो. तेवढ्यात विहिरीवरच्या बायका घागरी खाली ठेवून एकदम गप्प झाल्या. एका म्हाताऱ्यानं पटका काढून हातात घेतला. बघता बघता अर्धं गाव जमलं आणि एक बाई गाडीच्या चाकाशी बसून रडू लागली, "अप्पा गेले गं माय! आमची तूर आता कोन घेईल?"

मला क्षणभर काही उमजेना. मग मी गाडीकडे त्यांच्या नजरेनं पाहिलं.

लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. त्याला बसवतात, कपाळाला विभूती लावतात, घसरू नये म्हणून बांधतात, आणि केळीचे खांब, फुलांच्या माळा लावून सजवलेल्या उघड्या पालखीत बसवून नेतात. तिला विमान म्हणतात. अप्पा आजारी आहेत, सोलापूरला नेलेत, हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची तूर पिढ्यान्‌पिढ्या अप्पांच्या घरच्या आडतीवरच जात होती. त्यांनी जे पाहिलं त्यात काही चूक नव्हती. मोटारीचं विमान मात्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल.

"अवो, झोपलेत ते! झोपलेत!" मी ओरडायला लागलो. म्हातारा माझ्याकडे दयेनं पाहून म्हणाला, "व्हय बाबा, समदेच झोपतेत."

या गलक्यानं अप्पा जागे झाले. समोर ती गर्दी, हात जोडलेले. चाकाशी बसलेली बाई किंचाळून उठली ती थेट विहिरीपलीकडे गेली. अप्पांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, केळीच्या खांबांकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं.

"कामून रडायलाव रं?" ते म्हणाले. "मागल्या साली वजनात मारलं म्हनून तुम्हीच शिव्या घालायलता न्हवं?"

आधी कोणी हसेना. मग म्हाताराच खो खो हसत सुटला, पटका परत डोक्याला गुंडाळत. कोणी नारळ आणला होता, तो फोडून त्यांनी गाडीलाच वाहिला. मीही हसलो. इंजिन गार होईपर्यंत गप्पांत अर्धा तास गेला तसा म्हातारा एकदम आठवून म्हणाला, "पर अप्पा, माझा लेक सायकलीवर गेला की तुमच्या घरी सांगाया. पाणंदीच्या जवळच्या वाटेनं गेलाय. आतापतुर पोचला बी असंल."

अप्पांचं हसू गेलं. "चल रं मास्तर," ते म्हणाले. "गाडी दौडवाया सांग."

ड्रायव्हर रेडिएटरचं झाकण बसवत म्हणाले, "अप्पासाब, नया इंजन..."

"इंजनाला जपायलास मियाँ, माझ्या बायकोला कोन जपंल?"

ड्रायव्हरांनी केळीचे खांब उपटून टाकले, माळा तोडल्या, आणि नवी गाडी त्या खडीच्या रस्त्यावर अशी हाकली की मी दोन्ही हातांनी मागे अप्पांना धरून बसलो. त्यांना धाप लागली होती. बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी हातानं खुणावत होते, चल, चल.

आळंदची पेठ लागली तेव्हा अप्पांच्या दुकानाच्या फळ्या लागलेल्या होत्या. आजूबाजूची दुकानंही बंद होत होती. आम्हाला पाहून लोक जागच्या जागी थिजले. घरापुढं बायकामाणसांची दाटी. अक्का उंबऱ्यात बसलेल्या होत्या. बातमी कळल्यावर त्यांनी उंबऱ्यावर हात आपटले होते. दोन्ही मनगटं मोकळी होती, त्यांवर काचेचे ओरखडे, आणि हिरव्या बांगड्यांचे तुकडे पायरीवर सांडलेले.

त्यांनी वर पाहिलं. ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. फक्त पदर ओढून मनगटं झाकली.

अप्पा त्या हातांकडे पाहतच राहिले. मग धापा टाकत म्हणाले, "माझ्याआधीच घाई केलीस की. चल, बस."

"ह्या हातानं?"

नवरा जिवंत आहे आणि बाई रिकाम्या हातानं त्याच्या शेजारी भर पेठेत बसली आहे, हे होणं शक्यच नव्हतं. ते अप्पांनाही कळत होतं. चार माणसं त्यांना उतरवून आत न्यायला पुढे झाली, तर त्यांनी दार घट्ट धरून ठेवलं. "मला उतरवू नका. एकदा उतरलो की परत चढायचा न्हाई. मास्तर, कासारणीला आण."

मी धावत गेलो. कासारणीच्याही कानावर बातमी गेलेली होती. ती मला म्हणाली, "अप्पा गेले म्हनतेत, आन् तुम्ही भराया बोलवायलाव? शिकल्यानं डोस्कं फिरलं का काय?" मी तिची पेटी स्वतः उचलली तेव्हा ती मागून आली.

अक्कांचे हात सुजले होते. ओरखड्यांवरून बांगडी चढताना रक्त येई. कासारीण दोनदा म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या अक्का, उद्या भरू." अक्का म्हणाल्या, "भर तू." त्या कामाला फार वेळ लागला. मी दारात उभा राहून कधी आत, कधी बाहेर पाहत होतो. बाहेर गाडीत अप्पा उशांना टेकून वाट पाहत होते.

अक्का बाहेर आल्या तेव्हा अप्पांना पुन्हा झोप लागली होती.

"उठवू?" मी विचारलं. अक्का गाडीत चढल्या, त्यांच्या शेजारी बसल्या, आणि हाताचा मागचा भाग त्यांच्या नाकाशी धरून थोडा वेळ थांबल्या. "नगं," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात किती दिस झोपले न्हाईत. झोपू दे. गाडी हळू घ्या म्हनावं."

मी पुढे बसलो. गाडी पेठेतून निघाली, अगदी सावकाश. टप उघडा होता. दोन्ही बाजूंना लोक उभे होते. हात जोडावेत की हसावं, कोणाला ठरवता येत नव्हतं. कोणी हसलं नाही. अक्कांचं लोकांकडे लक्ष नव्हतं, त्यांचा हात अप्पांच्या नाकापासून हलला नाही. अर्ध्या पेठेत आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आपलं दुकान कुठलं?" मी बोट केलं.

"बंद हाय की," त्या म्हणाल्या.

"आज बंद आहे, अक्का."

वेशीपर्यंत जाऊन आम्ही परत आलो. अप्पांना झोपेतच उचलून आत नेलं.

सकाळी त्यांना जाग आली. मी उशाशी होतो, अक्का पायाशी. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आपण घरात आहोत हे कळल्यावर डोळे मिटून घेतले. "उतरवलंच तुम्ही मला," ते म्हणाले.

"बसले की मी," अक्का म्हणाल्या. "वेशीपतुर जाऊन आलो. तुम्ही झोपला व्हता."

"आता म्हाताऱ्याला फसवायलीस व्हय?"

अक्कांनी बांगड्यांचे हात पुढे केले. अप्पा म्हणाले, बांगड्या तर मीच भरायला सांगितल्या. मग अक्का माझ्याकडे वळल्या, "मास्तर, तुम्ही तरी सांगा." सरकारी उर्दू कागद असो की इंग्रजी तार, मी वाचून सांगितलेलं अप्पांनी आजवर कधी दुसऱ्याकडून पडताळून घेतलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून सगळं सांगितलं: गाडी कुठून वळली, कोण कोण उभं होतं, अक्कांनी दुकान विचारलं ते. सांगता सांगता माझा गळा भरून आला, आणि तिथंच घोटाळा झाला.

त्यांनी माझा हात थोपटला. "येवढं शिकलास मास्तर," ते म्हणाले, "पर तुला खोटं काय नीट बोलता येईना."

त्यानंतर त्यांना गाडीपर्यंत नेण्यासारखी प्रकृती झालीच नाही. आम्ही तीनदा-चारदा सांगून पाहिलं. ते मान हलवायचे, आमचं मन राखायला. थोड्याच दिवसांत ते गेले. मोटार पुढे गुलबर्ग्याच्या कोणा वकिलानं नेली.

अक्का त्यानंतर पुष्कळ वर्षं होत्या. मी रोज शाळा सुटली की जाऊन बसायचो. शेवटी शेवटी त्यांना कालचं आठवत नसे आणि जुन्यातलंही मागंपुढं व्हायला लागलं होतं. एके दिवशी तुरी निवडता निवडता त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मास्तर, खरं सांगा. मी बसले व्हते का, का आपण नुसतं त्येंना तसं सांगितलं?"

"बसला होता, अक्का."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग सूप परत पुढं ओढलं.