दोन गाड्यांमधला साडू

मुंबईच्या उपनगरांत गाडी न घेताच गाडीवाले झालेल्या माणसांची मोजदाद कुणी केली, तर पहिला नंबर माझ्या साडूचा लागेल. आणि तसं त्याला कळवलं तर तो म्हणेल, "थांब, दुसऱ्या नंबरावर कोण आहे ते आधी बघू." तुलना केल्याशिवाय त्याच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नाही. मुलुंडला त्यांच्या गल्लीत दोन इस्त्रीवाले आहेत, म्हणून तो वर्षभर एकाच रंगाचे दोन शर्ट दोघांकडे टाकत होता आणि संध्याकाळी ते खिडकीत शेजारी शेजारी टांगून कॉलरी न्याहाळत होता. एकदा दाढ दुखायला लागली तेव्हा त्याने डावी बाजू एका डॉक्टरकडे दिली आणि उजवी दुसऱ्याकडे. निकाल लागेपर्यंत महिनाभर मऊ भातावर होता. "घाई केली की माणूस फसतो," हे त्याचं आयुष्याचं सार. तो कधीच फसला नाही हे खरं आहे, कारण फसायला आधी काहीतरी घ्यावं लागतं.

माझं लग्नसुद्धा त्याच्या या स्वभावामुळेच झालं. तो आधी बघायला आला होता तो माझ्या बायकोला. पोहे खाल्ले, मुलगी आवडली, आणि "आठवड्यात कळवतो" म्हणून गेला. त्या आठवड्याचे सात महिने झाले. तोवर मी स्थळ म्हणून गेलो, मला माझी अक्कल पारखायलाही वेळ मिळाला नाही आणि लग्न उरकलं. मग हा पुन्हा त्याच घरी हजर. आता उरली होती धाकटी. ती काही पोहे घेऊन आली नाही. दारातच म्हणाली, "रविवारपर्यंत हो की नाही ते सांगा. सोमवारी मी तुमची नाही." त्याच्या उभ्या आयुष्यातला वेळेत घेतलेला तो एकमेव निर्णय. मेहुणी आजही पाहुण्यांना सांगते, "शोरूममध्ये शेवटचा पीस मीच उरले होते, म्हणून तुलनेतून सुटले."

गाडीचं प्रकरण सुरू झालं ते त्याच्या वडिलांमुळे. तात्या गिरणीत होते. गिरणी गेली, चाळ गेली, आणि ते मुलाबरोबर मुलुंडला सातव्या मजल्यावर आले. ऐंशी ओलांडलेली, गुडघे कामातून गेलेले. एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "झिला, एकदा गावाक जावन येतंय." गाव देवगडच्या बाजूला. घर शाबूत होतं, पुतण्या कुटुंबासह तिथे राहत होता. साडू म्हणाला, "एसटीचे धक्के तुम्हाला झेपायचे नाहीत तात्या. आपण गाडी घेऊ. स्वतःच्या गाडीतून नेतो." तात्यांनी त्याच दुपारी पिशवी भरली. दोन धोतरं, एक स्वेटर, गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली आणि पुतण्याच्या मुलांसाठी गोळ्या. ही पिशवी पुढे दोन वर्षं कपाटाशेजारी भरलेलीच होती. गोळ्या मात्र अधूनमधून बदलाव्या लागत.

सगळी सोसायटी उंचच उंच एसयूव्ही घेत असताना याने जाहीर केलं की आपण सेडानच घेणार. "गाडीत बसायचं असतं, चढायचं नसतं," तो म्हणाला. तात्यांचे गुडघे बघता हे अगदी बरोबर होतं. त्याची पंचाईतच ही, की त्याचं म्हणणं नेहमी बरोबर असतं. मग त्याने दोन सेडान निवडल्या. दोन्हींची किंमत जवळपास तीच, दोन्हींना चार चाकं. एक वीतभर लांब म्हणून तिला तो 'थोरली' म्हणायला लागला आणि दुसरीला 'धाकटी'. "ही नावं कुठून आली ते मला कळतं हं," असं मेहुणी भांडी घासता घासता म्हणाली, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखत होता.

थोरलीचं शोरूम अंधेरीला, धाकटीचं घाटकोपरला. दर रविवारी आलटूनपालटून दौरा, आणि साक्षीदार म्हणून मी. पहिल्याच दिवशी त्याने खिशातून शिंप्याची टेप काढली आणि सीटची जमिनीपासूनची उंची मोजली. घरी तात्यांची पायापासून गुडघ्यापर्यंतची उंची त्याने आधीच मोजून आणली होती. तिथवर ठीक होतं. पुढच्या रविवारी तो रिक्षातून उतरला तो काखेत फणस घेऊन. खरा, पिकायला आलेला, दहा-बारा किलोंचा फणस. शोरूममधले लोक आधी समजले, पेढ्यांऐवजी फणस वाटायची यांच्यात पद्धत असेल. याने डिकी उघडायला लावली, फणस आत ठेवला, झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "गावाहून येताना असे चार असतात," तो त्या बिचाऱ्या मॅनेजरला म्हणाला, "कंपनीने फणस धरून डिकी बनवलीय का? तुमच्या पुस्तकात नुसते लिटर दिलेत. फणस लिटरमध्ये मोजतात का?" तोच फणस त्या दुपारी धाकटीच्याही डिकीत बसून आला आणि पुढचे दोन दिवस दोन्ही गाड्यांना वास येत होता म्हणे. टेस्ट ड्राइव्हचीही तीच कथा. दोन्ही शोरूमांजवळचे सगळे गतिरोधक त्याला तोंडपाठ. पुढच्या सीटवर बसून तो मांडीवर स्टीलच्या भांड्यात काठोकाठ पाणी घ्यायचा आणि प्रत्येक गतिरोधकानंतर पँट किती भिजली ते बघायचा. थोरलीत भिजायची गुडघ्यापर्यंत आणि धाकटीत थोडी वर. रिक्षावाले त्याला घरी सोडताना सीटवर पेपर पसरायचे.

अंधेरीच्या शोरूममध्ये एक विक्रेती मुलगी होती. हसतमुख, अतिशय सोशिक. तिने याला थोरलीबद्दल सहा महिने समजावलं. थोरलीचं इंजिन, थोरलीचे ब्रेक, थोरलीच्या एसीची झुळूक. याचं मन जवळजवळ वळलं होतं. मग एका रविवारी आम्ही घाटकोपरला गेलो, तर तीच मुलगी तिथे, वेगळ्या रंगाचा कोट घालून उभी! नोकरी बदलली होती.

"सर, या ना! बरं झालं आलात. धाकटी... म्हणजे ही गाडी एकदम झकास आहे सर. त्या अंधेरीवालीपेक्षा कधीही चांगली."

साडूने खिशातून रकान्यांचा कागद काढला. "आणि थोरलीच्या एसीची झुळूक?"

"ती फक्त पुढे लागते सर. मागे बसणाऱ्याची वाटच लागते."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा मी तिकडे होते ना सर," ती इतक्या सरळपणे म्हणाली की मला हसू आवरेना. पण त्याचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर म्हणाला, "माझा सहा महिन्यांचा अभ्यास पाण्यात घातला रे हिने. आता पहिल्यापासून." आणि खरोखरच त्याने कॅलेंडरचं नवं पान घेतलं.

एव्हाना त्याची कीर्ती पसरली होती. कुणालाही गाडी घ्यायची असली की लोक त्याच्याकडे यायचे, तो त्यांना दीड तास बसवून ज्ञान द्यायचा आणि ते दुसऱ्या दिवशी जाऊन गाडी घेऊन यायचे. सोसायटीत पाच गाड्या त्याच्या सल्ल्याने आल्या. हा स्वतः स्टेशनला शेअर रिक्षातून चौथा माणूस म्हणून जायचा आणि वाटेत ड्रायव्हरला क्लच कसा दाबावा ते सांगायचा. मेहुणी या काळात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन शिकली, तिचं लायसन्स आलं, पर्समध्ये पडून पडून त्याचे कोपरे दुमडले. सोसायटीत भांडून त्याने पार्किंगची जागा मात्र आधीच मिळवली होती आणि कुणी घुसू नये म्हणून दोन्ही खांबांना नायलॉनची दोरी बांधली होती. सकाळी तिथे कोवळं ऊन यायचं. तात्या प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन त्या दोरीच्या आत बसायचे. आल्या-गेल्याने विचारलं, "काय तात्या, गाडी आली का?" की ते म्हणायचे, "येतली. माजो झिल बघता हा." त्यात टोमणा नसायचा, आणि मला तेच जास्त लागायचं. एकदा न राहवून मी साडूला म्हटलं, "अरे, दोन्ही चांगल्या आहेत. कुठलीही घे. म्हातारा बसलाय खाली."

तो चिडला. "तात्यांसाठीच तर बघतोय ना! उद्या पाठ लचकली वाटेत, तर तू येणार आहेस?"

माया खरी होती, आणि ती मायाच म्हाताऱ्याला दोरीच्या आत बसवून ठेवत होती.

शेवटी एका दुपारी मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, तात्यांचं एसटीचं एक तिकीट काढाल? ह्यांना सांगू नका." पलीकडून तात्यांचा आवाज आला, "खिडकी बघ रे." मी तिकीट काढलं. हे साडूला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तो हे वाचेल तेव्हाच त्याला कळेल, आणि तेव्हा माझं जे व्हायचं ते होवो. पुढच्या रविवारी सकाळी मी आणि मेहुणीने तात्यांना नाक्यावर एसटीत बसवलं. पिशवी त्यांनी मांडीवरच घेतली. साडू त्या वेळी अंधेरीला थोरलीची नववी टेस्ट ड्राइव्ह घेत होता. दुपारी तो घरी आला तेव्हा मेहुणीने त्याला सरळ सांगून टाकलं, "तात्या गावाला गेले. एसटीने." तो जेवलाच नाही. संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"झिला, पोचलंय. काय्येक त्रास जावक नाय. वाटेत दोनदा चाय घेतलंय." मग थोडं थांबून तात्यांनी विचारलं, "तुजी गाडी इली काय?"

साडूने फोन खाली ठेवला आणि कॅलेंडरचे कागद गोळा करून रद्दीच्या गठ्ठ्यात घातले. सोमवारी रजा टाकून तो घाटकोपरला गेला. त्या मुलीने विचारलं, "सर, रंग कुठला?" "जी उभी आहे ती द्या," हा म्हणाला. ती उठून मॅनेजरला बोलवायला गेली, तिला वाटलं याची तब्येत बिघडली. अशी धाकटी घरी आली. शोरूममध्ये पुठ्ठ्याची मोठी चावी हातात देऊन फोटो काढतात, त्यालाही हा थांबला नाही. मेहुणी एवढंच म्हणाली, "शेवटी धाकटीच."

नंबरप्लेट लागल्यावर पहिल्या शनिवारी मी आणि साडू पहाटे निघालो, चालवायला तोच. दुपार कलताना पोचलो तर तात्या घरापुढच्या खळ्यात बसून पुतण्याच्या मुलाला सुपारी फोडून दाखवत होते. रंग उजळला होता. काठी होती, पण नावाला. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला. आत बसले, पाय लांब केले. "बरी आसा," म्हणाले. साडूचा चेहरा दोन वर्षांत मी पहिल्यांदा असा उजळलेला पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "चला तात्या, पिशवी भरा."

"खंय?"

"घरी. मुलुंडला."

"मी घराकच आसंय," तात्या म्हणाले.

साडू खळ्याच्या कडेवर बसला. "तात्या, गाडी तुमच्यासाठी घेतलीय हो."

"माजेसाठी? मगे बरा झाला. येत ऱ्हव." त्यांनी मुलाच्या पाठीवर हात फिरवला. "आता माका नको न्हेव, झिला. तकडे ऊन बघूक खाली उतरूचा लागता."

आम्ही सामान भरलं. तेव्हा तात्याच म्हणाले, "फाट्यापर्यंत येतंय मी. तुमका पोचवूक." आणि पुढच्या सीटवर बसले. फाटा दोन किलोमीटरवर. तिथे त्यांनी दार उघडलं, काठी बाहेर टेकवली आणि चढाच्या रस्त्याकडे बघितलं. साडू म्हणाला, "चालत कुठे जाता? बसा." गाडी वळवली आणि त्यांना पुन्हा घरी आणून सोडलं. तात्या उतरले. आम्ही निघणार, तोच ते खिडकीत वाकून म्हणाले, "पण मगे तुमका पोचवूक कोण इलो?" आणि पुन्हा आत बसले.

त्या सकाळी आम्ही फाट्यापर्यंत तीन वेळा गेलो. दोघं पुढे बसून काजूच्या मोहोराबद्दल, कुणाच्या तरी विहिरीबद्दल बोलत होते आणि गाडी दरवेळी आधीपेक्षा सावकाश चालत होती. मी मागे बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मला ऑफिस होतं, घाटात अंधार होणार हेही दिसत होतं. पण चल आता, उशीर होतोय, असं म्हणायला माझी जीभ रेटेना.