दोन बोटं माया

बुधवारी दुपारी मी तिला सुईत दोरा ओवून दिला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दोरा ओवायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्याआधी जन्मभर तीच ओवायची.

शारजाला मुलाच्या फ्लॅटमध्ये आमची खोली पश्चिमेची. दुपारचं ऊन सरळ पलंगावर येतं. त्या उन्हात ती नाटकातली शिवलेली नऊवारी मांडीवर घेऊन बसली होती. दुखण्यानं ती निम्मी झाली होती, नऊवारी कमरेवर राहत नव्हती. हुक आत घ्यायचा होता. कुठवर घ्यायचा तिथं तिनं खडूनं रेघ मारली होती.

"अहो, एवढा दोरा? हुक लावायचाय का पतंग उडवायचाय?"

"कमी पडला की परत हाक मारशील. मला पडू दे जरा."

"पडा. पण शनिवारी बोलायचंय ते पाठ केलंत का?"

"एक ओळ ती. तिला काय पाठ करायचं?"

"मग म्हणून दाखवा."

मी म्हटलं, चहा ठेवतो. आणि उठलो.

ती एक ओळ काय होती ते सांगायला मला बरंच मागं जायला लागेल. मी सुतार माणूस. शाळा सातवीपर्यंत, तीही पुरी नाही. लिहिताना चुकतो. पण हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं आता घरात दुसरं कुणी राहिलं नाही.

आमच्या तरुणपणी बेळगावकडे एक नाटक कंपनी होती. गोवा, कोकण, कोल्हापूर असे दौरे करायची. मी तिथं नेपथ्याचा सुतार. दारं, खिडक्या, सिंहासन, सगळं माझं. दारामागं काही नसायचं, पण दार पक्कं असायचं. ती तिथं आली तेव्हा दासीचं काम करायची. दोन वाक्यं आणि एक तबक. मग एकदा मुख्य बाई तापानं पडली आणि हिनं त्याच संध्याकाळी अख्खी भूमिका उभी केली. तेव्हापासून तबक दुसरीच्या हातात गेलं.

त्या संध्याकाळी हिला कपडे चढवले ते कपडेपटानं. नाटकातल्या कपड्यांच्या पेट्या, ट्रंका, सगळ्या खात्याला कपडेपट म्हणतात. आमच्या कंपनीत ते खातं एक बाई सांभाळायची आणि तिलाही सगळे कपडेपटच म्हणायचे. "ए कपडेपट, शेला दे." "कपडेपट जेवली का?" ती सिद्दी होती. हल्याळकडच्या जंगलातली. तिच्या लोकांना कधीकाळी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेलं. रंग काळाभोर, केस कुरळे, आणि बोलायची आपल्यासारखं, मध्येच कोकणी, मध्येच कानडी. गावोगाव पोरं तिच्यामागं हबशीण हबशीण करत यायची. ती वळून म्हणायची, "तिकीट काढून ये, मग बघ."

कंपनीतला एकूण एक कपडा तिनं कापलेला, तिनंच शिवलेला. बाराबंदी, शालू, राजाचा अंगरखा. दोन प्रवेशांच्या मध्ये बाईला नऊवारी नेसायला वेळ मिळत नाही म्हणून तिनं नऊवारी शिवूनच टाकली, काष्ट्यासकट, कमरेला हुक. परकरात शिरावं तशी शिरायची. पण पडदा उघडायच्या आधी नावं पुकारतात ना, नेपथ्य कोण, प्रकाश कोण, तिथं वेशभूषा म्हणून नाव यायचं एका दुकानदाराचं. पेट्या त्याच्या मालकीच्या होत्या. एका स्पर्धेत वेशभूषेचं पहिलं बक्षीस मिळालं, तेही तोच घेऊन गेला. ती विंगेत माझ्या शेजारी उभी होती, तोंडात टाचण्या धरून. टाचण्या काढून म्हणाली, "कप त्याला, मापं मला." आणि पुढच्या बाईचा पदर लावायला गेली.

आता माझी फजिती सांगतो. हिची पहिली नऊवारी शिवून झाली तेव्हा मी बाहेर फळी रंधत होतो. कपडेपट कुणालातरी सांगत होती, "त्या पोरीसाठी दोन बोटं माया ठेवलीय." मला काय कळणार. मला वाटलं, या बाईचा जीव जडलाय पोरीवर. मी मुद्दाम जाऊन हिला सांगितलं, कपडेपटाची तुझ्यावर फार माया आहे. मला हिच्याशी बोलायला काहीतरी हवंच होतं. ही कपडेपटाकडे बघून इतकी हसली की खाली बसली. कपडेपट म्हणाली, "सुतारा, शिवणीच्या आत जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. उद्या बाई जाड झाली, नाहीतर दुसरी बाई आली, तर उसवून वाढवता यावं म्हणून. मी सगळ्यांसाठीच ठेवते. तुझ्या लाकडात असते का माया?"

नसते. लाकूड मापात कापायचं, वर एक सूत गेलं तरी फुकट.

त्यानंतर जन्मभर मी काही गोड बोललो की ही विचारायची, "किती बोटं?"

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांचंच असतं. लग्न झालं. कंपनी बुडाली. मी इकडं आलो, दुबईत सोनापूरच्या कामगारांच्या कॅम्पात बारा जणांच्या खोलीत राहिलो, मग शारजा इंडस्ट्रियल एरियात एका फर्निचरच्या वर्कशॉपात फोरमन झालो आणि तिला, मुलाला आणलं. कंपनी बुडाली तेव्हा कपडेपटानं हिची नऊवारी हिला देऊन टाकली होती. बाकीच्या पेट्या मालक घेऊन गेला.

इथं मराठी मंडळाची नाटकं व्हायची. हिला आधी आईची कामं मिळाली, मग सासूची, मग आजीची. मग कामं गेली आणि दीप लावायला बोलवायला लागले. ज्येष्ठ रंगकर्मी म्हणून शाल. घरी आली की शाल माझ्या अंगावर टाकायची. "घ्या, एसीत लागते तुम्हाला." एका वर्षी शाल घेऊन आली ती टाकलीच नाही. घडी करून ठेवली आणि म्हणाली, "मला अजून काम करायचंय. कुणी देत नसलं तर मी एकटीचं करीन. कपडेपटाचं करीन."

पण कपडेपटाचं नावच आम्हाला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, पण नाव माहीत नाही. ही एकदा विचारून बसली होती तेव्हा उत्तर मिळालं होतं, "हाक पोचते ना? मग झालं." तर सुट्टीवर गेलो तेव्हा हल्याळला गेलो. बस, मग जीप, मग चालत. बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुतणी भेटली. तिनं नाव सांगितलं. ऐकून ही ओट्यावर बसून राहिली. नाव चांगलं होतं, मोठ्यानं हाक मारावी असं. पुतणी म्हणाली, "स्टेजवर घ्या आत्याचं नाव, पण छापू नका कुठं. आमची नावं छापून येतात ती कसल्या ना कसल्या यादीत." म्हणून मी इथं लिहीत नाही. मग एकीचंच नाव गाळलं असं नको, म्हणून कुणाचंच लिहीत नाही, माझ्या बायकोचंही.

तिनं ते एकपात्री स्वयंपाकघरात बसवलं. पोळ्या लाटताना बोलायची. स्टुलावर बसलेली कपडेपट, हातात सुईदोरा, समोर न दिसणारी नटी. तिला कपडे चढवता चढवता कपडेपट सगळं सांगते. जंगल, कंपनी, पोरांची हबशीण हबशीण, तो कप. शेवटी नटी निघून जाते आणि कपडेपट ती नऊवारी स्वतःच्या अंगाला लावून बघते. एवढंच. सून डोळे पुसायची. नात म्हणायची, "आजी, यू आर सो गुड, बट हू इज शी?" ही म्हणायची, "तेच सांगतेय ना बाई."

मंडळानं शनिवारच्या कार्यक्रमात अर्धा तास दिला. सेक्रेटरी पुण्याचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. पोरगा वाईट नाही. आमच्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "काकू, कन्सेप्ट एकदम मस्त आहे. फक्त थोडा डार्क मेकअप केला तर? कॅरेक्टर लगेच एस्टॅब्लिश होईल."

ही म्हणाली, "म्हणजे माझ्या तोंडाला काळं फासायचं? काय गुन्हा केला मी?"

तो हसला. मीही हसलो. ही नाही हसली. "अरे, तिला जन्मभर तोंडावर बोलले त्या रंगावरून. तोच मी डबीतून काढून लावू आणि घरी आले की साबणानं धुऊन टाकू? तिला धुता आला का? मी तिचे हात दाखवीन. ओळखायचं त्यांना ओळखू दे."

"बरं, राहिलं. अजून काही?"

"एकच. तिसऱ्या घंटेच्या आधी नावं पुकारशील, त्यात वेशभूषा म्हणून तिचं नाव यायला हवं. आणि ते हे पुकारतील."

हे म्हणजे मी. मी जन्मभर पडद्याच्या मागं. माईक हातात धरला आहे तो दुरुस्त करायला. मी म्हटलं, मला नाही जमायचं, मंडळाचा माणूस आहे की त्याला. ती म्हणाली, "त्यानं पुकारलं तर ते कागदावरचं नाव होईल. इथं तिला डोळ्यांनी बघितलेले आपण दोघंच उरलो. मी आत कपड्यात असणार. राहिलं कोण?"

'वेशभूषा' आणि पुढं नाव. ती ही ओळ. नात म्हणाली, "आबा, इट्स जस्ट वन लाइन." पण ती म्हणायची वेळ आली की मी काहीतरी काम काढून उठायचो.

तर बुधवारी मी चहा ठेवला. आलं किसलं. तिला साखर बंद होती, म्हणून दोन पातेली. खोलीतून एकदा आवाज आला, "आलं जास्त घाला." घातलं. कप घेऊन आलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, मान थोडी कलती, नऊवारी मांडीवर. मला वाटलं, डुलकी लागली. कप खिडकीत ठेवला. मग हात धरला.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. अँब्युलन्स आली. सूनबाई दुबईहून निघाली ती ट्रॅफिकमध्ये अडकली, फोनवर रडत होती. मुलगा हॉस्पिटलात कागदांमागं पळत होता. मला खुर्चीत बसवलं होतं. एक मलबारी नर्स येऊन म्हणाली, "बाबा, कुछ खाया?" मी म्हटलं, चहा केला होता.

रात्री घरी आणलं मला. मुलगा म्हणाला, "बाबा, आईला गावी न्यायचं का?" मी म्हटलं, तिनं सांगून ठेवलंय, इथंच. शुक्रवारी दुपारी दहन होईल म्हणाला.

सकाळी सेक्रेटरी आला. बूट दाराबाहेर काढले, माझ्या पाया पडला. मग म्हणाला, "काका, शनिवारचं मी कॅन्सल करतो. तुम्ही कसलीच काळजी करू नका."

मी विचारलं, "अख्खा कार्यक्रम?"

"नाही, काकूंचं तेवढं. तिथं गाणी घेऊ."

"गाणी नंतर घ्या. पडदा उघडायचा. स्टूल ठेवायचं. स्टुलावर ही नऊवारी ठेवायची आणि मी नाव पुकारणार. मग तुमची गाणी."

"काका, पण तुम्हाला सुतक..."

"नाटकवाल्याचं सुतक तिसऱ्या घंटेला संपतं. तुझ्या काकूनं बाप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी विनोदी नाटक केलंय. मी विंगेत होतो. लोक हसत होते."

तो मुलाकडे बघायला लागला. मुलगा म्हणाला, "बाबा म्हणतात तसं कर." सेक्रेटरीनं खिशातून फोन काढला. "नाव सांगा काका, लिहून घेतो. स्पेलिंग चुकायला नको."

"लिहायचं नाही. मी येतोय ना."

तो गेल्यावर मी खोलीत आलो. नऊवारी कुणीतरी उचलून खुर्चीवर टाकली होती. सुई तशीच होती कापडात, दोरा लोंबत. पतंग उडवण्याएवढा लांब दोरा. कपडेपटाचा कंपनीत एक नियम होता, सुई टोचलेली ठेवून पेटी लावायची नाही. अंधारात घाईघाईनं कपडा चढवणारीला टोचते.

मी खिडकीजवळ बसलो. हिनं खडूच्या रेघेवर हुकाचे दोन टाके घातले होते. बारीक, सारखे. माझी बोटं लाकडाची. मी ते दोन टाके नखानं सोडवले. तिच्या मापाचा हुक आता कुणाला लावायचा. मग नऊवारी उलटी करून बघितली. शिवणीच्या आत कापड दुमडून ठेवलेलं होतं, कपडेपटानं ठेवलं होतं तसंच. बोटं लावून बघितली. दोन भरली.

हुक जुन्या जागी लावला, पार कडेला. टाके वाकडे आले. गाठ मारली, दोरा दातानं तोडला, आणि सुई काढून तिच्या डबीत ठेवली. मग उठून दार लावलं, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणून बघितलं, "वेशभूषा." पुढचं नाव पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात म्हटलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं तेव्हा बाहेरून मुलानं विचारलं, "बाबा, हाक मारलीत का?"