भावोजींचा ‘मी’

आमच्या धाकट्या भावोजींना तीन भाषा येतात आणि मला एकच, तीही बाराखडीपुरती. पण माझं बोलणं निदान माझं असतं. त्यांचं तेही नाही. ते दुभाषी आहेत.

बंदरावर तीस वर्षं जहाजांच्या मालाच्या याद्या लिहिता लिहिता त्यांनी ती परदेशी भाषा उचलली. मग त्यांचा एकुलता एक पोरगा त्याच देशात कामाला गेला आणि कागदाची मुदत संपली म्हणून तिथल्या पोलिसांनी धरला. चौदा महिने पत्र नाही की फोन नाही. भावोजी त्या देशाच्या वकिलातीच्या फाटकावर नऊ वेळा अर्ज घेऊन गेले. नऊही वेळा पहारेकऱ्याने तो वरच्या वर परत केला.

पुढे त्याच वकिलातीचा मोठा साहेब वस्तीतल्या पुढाऱ्यांशी ‘देशोदेशींचं सहकार्य’ यावर बोलायला येणार, आणि दुभाषी म्हणून आमचे भावोजी बसणार असं ठरलं. जाऊबाईंनी त्यांच्या सदऱ्याला दोनदा इस्त्री केली.

“एकच वाक्य मध्ये घुसवायचं, वहिनी,” भावोजी मला म्हणाले. “एकच.”

सभागृहात मी महिला मंडळाची म्हणून तिसऱ्या रांगेत. वर व्यासपीठावर साहेब, त्याचा चिटणीस, वस्ती मंडळाचे अध्यक्ष आणि मध्ये स्टुलावर भावोजी. एक खुर्ची कमी पडली होती. कमी पडली की ती दुभाष्याचीच पडते.

दुभाष्याचा कायदा असा, की साहेब ‘मी’ म्हणाला की यानेही ‘मी’च म्हणायचं. तासभर भावोजी सांगत होते, “मी तुमच्या प्रेमाने भारावलो आहे. माझ्या देशाची दारं तुम्हाला उघडी आहेत.”

“तुमचे दीर बरेच मोठे झाले हो!” माझ्या शेजारची कुजबुजली.

मग अध्यक्ष उठले. गटार, रस्ता, दिवे असं लांबण लावलं. भावोजींनी ते सगळं त्या भाषेत सांगितलं आणि शेवटी आणखी एक वाक्य बोलले. ते काय होतं ते मला नंतर कळलं. “माझा मुलगा चौदा महिने तुमच्या तुरुंगात आहे, तो जिवंत आहे का, एवढंच सांगा.”

साहेबाचा चेहरा उतरला. तो उठला, पुढे झाला आणि त्याने दोन्ही हातांनी हात धरला. अध्यक्षांचा.

चिटणिसाने टेबलावरच्या पाटीवरून नाव उतरवून घेतलं. तेही अध्यक्षांचं.

“नाही, नाही, माझा मुलगा! माझा!” भावोजी त्या भाषेत म्हणाले. चिटणिसाने अध्यक्षांकडे बघून हळूच मान हलवली, कळलं, कळलं अशी.

“काय म्हणतोय हो साहेब?” अध्यक्षांनी विचारलं.

भावोजींनी ओठ ओले केले. “तुमचं दुःख ते आपलंच समजतात, म्हणाले.”

“बघा! गटार झालंच म्हणून समजा!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला काय कळतंय? मग हार, फोटो, आणि साहेब गाडीत.

दुसऱ्या दिवशी भावोजी दहाव्यांदा फाटकावर गेले. पहारेकरी म्हणाला, “काल साहेबाशेजारीच बसला होतात ना? तेव्हाच नाही का सांगायचं!”

महिन्याने अध्यक्षांच्या नावावर वकिलातीचं पत्र आलं. मी मंडळाच्या कागदावर सही करायला त्यांच्या कचेरीत गेले होते, तेवढ्यात त्यांनी भावोजींना बोलावून घेतलं.

“वाचा मोठ्याने, दुभाषे.”

भावोजींनी वाचलं. ‘आपल्या मुलाबद्दल कसून चौकशी केली. आपल्या आडनावाचा कोणीही आमच्या कोठडीत नाही. आपल्याला दिलासा मिळेल अशी आशा आहे. प्रकरण बंद करीत आहोत.’

अध्यक्ष पोट धरून हसले. “अहो, माझा पोरगा वर घोरत पडलाय! यांना कुणी सांगितलं कोठडीत म्हणून? अर्धवटच दिसतात. लिहा, सहकार्याबद्दल आभारी आहोत.”

“खाली एक ओळ... माझ्या मुलाचं नाव घालू?”

“छे! मंडळाचं पत्र आहे. घरचं लफडं त्यात कशाला?”

भावोजींनी आभार लिहिले. अक्षर नेहमीसारखंच मोत्यासारखं.

घरी जाऊबाई दारातच उभ्या. “साहेबाचं उत्तर आलं म्हणे?”

“आलं.”

“काय म्हणतात?”

जन्माची सवय. कागदावर जे असेल ते सांगून मोकळं व्हायचं. “म्हणतात, आपला मुलगा कोठडीत नाही.”

जाऊबाईंनी हात जोडले. “म्हणजे सुटला माझा बाळ!”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

तेव्हापासून रोज सकाळी जाऊबाई त्याची गादी गच्चीवर उन्हात घालतात, आणि ऊन उतरलं की भावोजी ती झटकून आत आणतात.