माळ्यावरचा हिरवा

परीक्षानळीला त्याची बायको जेवणातून विष घालते, अशी कुजबुज होती, आणि आमची गल्ली असल्या गोष्टी चवीने चघळणारी.

परीक्षानळी म्हणजे आमचा रसायनशास्त्रज्ञ शेजारी. प्रयोगशाळेत कुणी बोट तोंडाकडे नेलं तरी खेकसायचा. घरी मात्र त्याने उभा जन्म माळ्यावर बसून झाडांची चित्रं रंगवली. बाजारातला हिरवा त्याला मेलेला वाटे, म्हणून स्वतःच रंग घोटायचा.

पुढे त्याचे केस गळू लागले, तळहात खरखरीत झाले, पोटात कळा येऊ लागल्या.

"वहिनी, आज भाजीत काय घातलंत?" धाकटा दीर हसत विचारायचा, पण घास काही उचलायचा नाही. मग ती बिचारी सगळ्यांदेखत आधी स्वतः खाऊन दाखवू लागली.

"अगं, तुझ्या हातचं खाऊनच तर जगतोय," परीक्षानळी म्हणायचा आणि धापा टाकत माळा चढायचा.

एका सकाळी तो चित्रासमोरच मेलेला सापडला. डॉक्टरांनी विषाचं निदान केलं. पोलीस तिला आणि स्वयंपाकघरातले डबे घेऊन गेले.

डब्यांत काही निघालं नाही. तो हिरवा रंग सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा होता, आणि पानं रंगवताना ब्रशला टोक काढायला परीक्षानळी तो ओठांत धरायचा.